तपकिरी बादली

आमचे जावई उंदीर सांभाळतात. लग्नाच्या वेळी हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच, तर ‘संशोधन केंद्रात आहेत’ एवढंच म्हणायचे आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा टाकायला उठायचे. त्यात खोटं काही नव्हतं. केंद्रात ते होतेच. जिना उतरून खाली, डाव्या हाताला, जाड दारामागे. तिथे खिडकी नाही, आणि दिवे ठरल्या वेळी आपोआप लागतात नि आपोआप विझतात. उंदरांना तसंच लागतं म्हणे.

आत जायचं तर अंगावरचे कपडे काढून तिथले घालायचे, डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, हातात मोजे. मी म्हटलं, बरोबर आहे, घाणेरडी जात, माणसाला काही व्हायला नको. तर जावई म्हणाले, ‘उलटं आहे आई, आपल्यापासून त्यांना काही होऊ नये म्हणून.’ माझं डोकंच फिरलं. आपल्यापासून उंदरांना! त्याच दिवशी मी घरात नियम केला. कामावरून आलं की आधी आंघोळ. दारातून थेट बाथरूम. मधे कुठे टेकायचं नाही, पाण्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, बायकोशी बोलायचं असेल तर बाथरूमच्या दाराआडून बोलायचं. वास्तविक ते तिथूनही आंघोळ करूनच निघायचे. ‘करा की दोनदा,’ मी म्हटलं, ‘झिजणार आहात का?’ त्यावर ते ‘बरं’ म्हणाले. आणि वर्षानुवर्षं दोनदा आंघोळ करत राहिले. भांडायला समोरच्याने जरा तरी उलटून बोलावं लागतं. या माणसाशी भांडणं म्हणजे उशीला बुक्के मारणं.

एक सांगायचं राहिलं. मी त्यांच्याकडे राहत नाही, ते माझ्याकडे राहतात. घर माझं आहे. लेक म्हणते, एकच गोष्ट आहे. एकच नाही. ‘घरजावई’ हा शब्द मी तोंडाने कधी काढला नाही. चेहऱ्याने काढला असेल, चेहऱ्यावर माझा ताबा नाही.

माझी उभी हयात कारखान्याच्या कँटीनमध्ये गेली. मोठमोठी पातेली, सकाळची पाळी, दुपारची पाळी, आणि सगळ्यांची भूक माझ्या डोक्यावर. तिथे मी एक गोष्ट शिकले ती अशी की माणूस हडकला की त्याच्या पानात स्निग्ध वाढवायचं. बाळंतीण असो, तापातून उठलेला असो, प्रेमभंग झालेला असो, लोणी घाला. खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी, असं आमचं घराणं. माझ्या हाताखालून गेलेला माणूस चारचौघांत गालांवरून ओळखू यायचा.

तर माझी लेक पडदे शिवते. दिवसभर मशीनवर असते. एक दिवस म्हणाली, आई, चपला आखडल्या की काय, पायच जात नाहीत. मी म्हटलं, पाय सुजले असतील, बसून बसून सुजतात, पाय वर घेऊन झोप. जावई नेमके आंघोळ करून बाहेर येत होते. ते खाली बसले, तिचा पाय हातात घेतला आणि घोट्याच्या वर अंगठ्याने दाबला. खड्डा पडला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच. त्यांनी दुसरा पाय दाबला. तिथेही तेच. मग तसेच बसून राहिले, ओल्या केसांचं पाणी मानेवरून गळतंय, पुसायचंही भान नाही.

‘लघवीला फेस येतो का?’ त्यांनी विचारलं.

‘शी,’ लेक म्हणाली, ‘आईसमोर काय विचारता!’

‘येतो का?’

‘येतो,’ ती म्हणाली.

‘उद्या दवाखान्यात जाऊ,’ म्हणाले आणि ताटावर येऊन बसले. जेवले मात्र नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं. या माणसाने अन्न टाकलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

दवाखान्यात रक्त झालं, लघवी झाली, पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा कण काढून तपासला. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या लेकीएवढीच, पण बोलायला धीमी. तिने सांगितलं की शरीरात पहारेकरी असतात, बाहेरून कुणी परकं शिरलं की त्याच्यावर तुटून पडायचं हे त्यांचं काम. हिच्या शरीरात त्यांना आपलं आणि परकं कळेनासं झालंय. घरच्याच माणसाला परकं समजून झोडपतायत. मूत्रपिंडांना.

‘म्हणजे कुंपणच शेत खातंय,’ मी म्हटलं.

‘अगदी बरोबर,’ ती म्हणाली. हल्ली ती प्रत्येक पेशंटला असंच समजावते असं ऐकलं. माझं नाव घेत नाही.

गोळ्या बऱ्याच दिल्या. एकही चुकवायची नाही, आपल्या मनाने कमी-जास्त करायची नाही, मीठ बेताचं, लोणी-चरबी कमी. शेवटचं ऐकल्यावर मी डॉक्टरीणबाईच्या मनगटांकडे बघितलं. काड्या होत्या नुसत्या. हिला काय कळतंय, असं मनात म्हटलं.

घरी येताना बसमध्ये जावई खिडकीकडे बघत म्हणाले, ‘माझ्याकडच्या सगळ्यांना हेच आहे.’

‘कुणाला?’ लेकीने विचारलं.

‘उंदरांना.’

मी मागच्या सीटवर होते. मला ऐकू गेलं. सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, ‘म्हणजे घरात रोग आणलात तो तुम्हीच!’ ते मागे वळले आणि शांतपणे सांगायला लागले की हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, ते उंदीर जन्मतःच तसे असतात, मोठ्या झाल्या की त्यांना हाच आजार होतो, म्हणूनच ते पाळलेत. ‘मोठ्या झाल्या म्हणजे?’ मी विचारलं. तर सगळ्या माद्याच. हा आजार बायकांच्याच जास्त वाट्याला येतो म्हणे, उंदरांत आणि माणसांतही. मी म्हटलं, त्यात नवीन ते काय. तिसरी आंघोळ मी जवळजवळ सुरू केली होती, पण लेकीने माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय तिथेच सोडला.

मग घरी, एका रात्री जेवताना, त्यांनी बादल्यांचं सांगितलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण हा माणूस आपल्या कामाबद्दल सलग बोलला तो तेव्हाच. तिथे दोन बादल्या असतात. पांढरीतल्या खाण्यात जनावराची चरबी, तपकिरीतल्या खाण्यात माशाचं तेल. बाकी सगळं एकच. अर्ध्या पिंजऱ्यांना हे, अर्ध्यांना ते. कुठल्या चरबीने मूत्रपिंड लवकर जातं आणि कुठल्याने टिकतं, हे त्यांच्या मोठ्या मॅडमना बघायचं होतं. पांढरं खाणं आठवडाभर राहिलं तरी काही होत नाही. तपकिरी मात्र एका दिवसात खवट होतं, म्हणून ते फ्रीजरमधून काढून रोज ताजं घालायचं आणि आदल्या दिवशीचं उरलेलं उचलून फेकायचं.

‘मग?’ लेक म्हणाली. ‘कोण जास्त जगतंय?’

‘अजून व्हायचंय,’ ते म्हणाले. मग जरा थांबून, ‘पांढरीवाल्यांच्या अंगावरचे केस उभे राहायला लागलेत. पोटं फुगतात. मी लघवीचा थेंब पट्टीवर घेतो ना, पट्टी हिरवीगार होते.’

लघवीतून प्रथिन जायला लागलं की ती कागदाची पट्टी हिरवी होते. तसलीच पट्ट्यांची डबी त्यांनी औषधाच्या दुकानातून आणून आमच्या बाथरूममध्ये ठेवली होती. माझ्या लेकीची पट्टी मी बघितली होती. हिरवीगारच होती.

मी उठले, लोण्याचं भांडं रिकामं केलं, गरम पाण्याने घासलं आणि पालथं घातलं. लेकीसाठी. उंदरांच्या सांगण्यावरून नाही.

दुसऱ्या आठवड्यात माशाच्या तेलाची बाटली आली. डॉक्टरीणबाईला विचारूनच आणली होती. ती म्हणाली, गोळ्या चालू ठेवून वरून घ्या हवं तर. माणसांवर करून बघितलंय, कुणी म्हणतं उपयोग होतो, कुणी म्हणतं नाही होत, छातीठोक कुणी सांगत नाही. बाटली थंड जागी ठेवायची. थंड जागा म्हणजे माझा फ्रीज. झाकण उघडलं की बाजार उठताना मासळीच्या ओट्यावर येतो तसा वास. ‘दुधाशेजारी हे राहणार नाही,’ मी म्हटलं. जावयांनी एक पत्र्याचा डबा आणला, बाटली त्यात घातली, डबा पिशवीत घातला, पिशवी सगळ्यात खालच्या खणात, कांद्यापलीकडे. रोज जेवणाआधी चमचाभर. लेक नाक दाबून घ्यायची आणि नवरा समोर उभा राहून तिच्या गळ्याकडे बघायचा, गिळलं की नाही म्हणून. उंदरांकडेही असंच बघत असतील.

पट्टी हळूहळू फिकी पडायला लागली. सूज उतरली. चपला जाऊ लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाली, गोळ्या लागू पडल्या. जावई बाटली अशा हाताने उचलायचे की गुण तिचाच, हे कुणीही ओळखावं. मी म्हटलं, लोणी बंद केलं ना मी. यशाला मालक पुष्कळ, तसं झालं. लेक म्हणाली, गिळतेय मी, आणि शाबासकी तुम्ही वाटून घेताय.

इथवर सगळं बरं चाललं होतं. आता जे झालं ते लेकीने त्यांच्याकडून खोदून काढलं आणि मी लेकीकडून. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, माझ्यावर गेलीय.

एका संध्याकाळी लेक डॉक्टरीणबाईकडून आली आणि म्हणाली, तेल बंद केलं तरी चालेल असं सांगितलंय. केंद्रातल्या मोठ्या मॅडमनी डॉक्टरांच्या बैठकीत आपल्या उंदरांचा निकाल वाचून दाखवला. दोन्ही बादल्यांत फरक निघाला नाही. पांढरीवाले आणि तपकिरीवाले साधारण सारखेच जगले. मी म्हटलं, झालं! तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं. सुटलीस वासातून. आणि उत्साहाने बाटली टाकायला निघाले.

‘थांबा,’ जावई म्हणाले.

त्यांच्या हातातला घास ताटात होता. दुसऱ्यांदा अन्न टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते मोठ्या मॅडमच्या खोलीत गेले. पायरीवर चपला काढल्या, वास्तविक तिथे कुणी काढत नाही. मॅडम मान वर न करता म्हणाल्या, काय हवंय. ते म्हणाले, फरक होता मॅडम. मी घालवला.

झालं होतं असं की तपकिरी बादलीतलं उरलेलं रोज फेकायचं. या माणसाच्याने फेकवेना. अन्न फेकायचं आणि शेजारच्या पिंजऱ्यात एक सुजून कोपऱ्यात बसलेली, केस उभे, डोळे अर्धे मिटलेले. तर ते उरलेलं त्यांनी पांढरीवाल्यांना घालायला सुरुवात केली. ‘फेकायचंच होतं,’ असं मनाशी म्हणून. सुटीच्या दिवशी तर ताजंच घातलं, सगळ्यांना, कारण त्या दिवशी त्यांच्याशिवाय कुणी नसायचं. पांढरीवाल्यांची पोटं उतरली. बरं वाटलं त्यांना. त्याचं पुढे काय होईल हे डोक्यातच आलं नाही. हुशार माणसाने मुद्दाम ठरवून सुद्धा इतकं पक्कं वाटोळं केलं नसतं.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

‘किती जणींना घातलंत?’

‘सगळ्यांना.’

‘कधीपासून?’

‘आमच्या हिच्या पायाला सूज आली तेव्हापासून.’

मॅडमनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या की सगळं पहिल्यापासून करावं लागेल, नवे उंदीर, नवं वर्ष, आणि भर बैठकीत उठून सांगावं लागेल की मी चुकीचा निकाल वाचला. जावई म्हणाले, मी कामावरून जातो. मॅडम म्हणाल्या, ‘जाताय कुठे? दुसरा माणूस आणला तर तो असंच करेल आणि सांगणारही नाही. तुम्हीच घालायचं. पांढरं ते पांढऱ्यांना, तपकिरी ते तपकिऱ्यांना, उरलेलं केरात. शेवटपर्यंत.’

‘शेवटपर्यंत,’ जावई म्हणाले.

हे ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर, सुटले, नोकरी गेली नाही. मग राग आला. इतका बावळट माणूस! नंतर मात्र स्वयंपाकघरात एकटी असताना जे वाटलं ते सांगायचं म्हणजे कठीण आहे. बायकोच्या पायाला सूज आली म्हणून हा माणूस तळघरात उंदरांना तेल पाजत बसला होता. माझ्या नवऱ्याने माझ्या तापात सुद्धा डोक्याला हात लावून बघितलं नव्हतं.

तेल चालू राहिलं. बाटली खालच्या खणातच राहिली.

नवे उंदीर आले. या वेळी जावयांनी ठरवलं की कुणालाही नाव ठेवायचं नाही, माया लावायची नाही. नुसते कानाला पाडलेल्या खाचांवरून ओळखायचे. पण पांढऱ्या बादलीतली एक होती, ती पहिल्या दिवसापासून चावायची. मोज्यातून बोटाला दात. पिंजरा साफ करायला हात घातला की कोपऱ्यात बसून डोळे रोखायची, जाळी नीट बसली नाही तर आपटून दाखवायची, दुसरीला आपल्या जागेवर बसू द्यायची नाही. हे सगळं लेकीने मला हसत हसत सांगितलं. मी म्हटलं, मग, नाव ठेवलं का हिला? लेक सुईत दोरा ओवायला लागली. दोरा ओवलेलाच होता.

‘काय ठेवलं?’

‘अगं, गमतीने गं आई.’

‘काय?’

‘सासूबाई.’

त्या दिवशी जावई आंघोळीला गेले तेव्हा मी पाण्याचा मुख्य नळ बंद केला. थोड्या वेळाने सुरू केला. आतून ‘आई, पाणी गेलं होतं वाटतं’ एवढंच आलं. मी म्हटलं, गेलं होतं.

पण खोटं कशाला बोलू, तेव्हापासून मी विचारायला लागले. सरळ नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तसं. आधी मॅडमची चौकशी, मग तिथल्या गरमीची, मग ओघात आल्यासारखं, ‘आणि ती कशी आहे, ती चावरी?’ जावई म्हणायचे, बरी आहे. केस उभे राहिलेत, पण ताठ आहे. बाकीच्या पांढरीवाल्या एकेक करून चालल्या होत्या. ही जाळी आपटत होती. मला त्याचा आनंद व्हायचा. उंदराच्या जातीचं मला काही कौतुक नाही, पण ताठपणाचं आहे.

आणि मग माझी लेक पुन्हा सुजली. एका सकाळी उठली तर डोळ्यांच्या पापण्या फुगून चेहरा ओळखू येईना. पट्टी हिरवीगार. डॉक्टरीणबाईने ताबडतोब दाखल करून घेतलं. मी विचारलं, गोळ्या चुकवल्या नाहीत, लोणी बंद, तेल चालू, मीठ नाही, मग हे का? ती म्हणाली, हा आजार असाच असतो, मधेच पुन्हा उसळतो. आता शिरेतून जास्त कडक औषध देऊ. मूत्रपिंडं वाचतात का बघू.

‘बघू’ हा शब्द मी आयुष्यभर पोरांना गप्प करायला वापरत आले. त्या दिवशी तो माझ्यावर उलटला.

खाटेवर ती एवढीशी दिसत होती. नळी हातात. मी बाहेर बाकावर बसले होते. जावई कामावरून आले, अंगाला तिथल्या साबणाचा वास. बायकोजवळ बसून आले आणि माझ्या शेजारी बाकावर टेकले, मधे एका माणसाची जागा सोडून. नेहमी सोडतात.

मी म्हटलं, ‘किती उरल्यात?’

‘पांढरीवाल्या? थोड्या.’

‘आणि ती?’

‘आहे. पोट फुगलंय. खाते अजून.’

माझं काय झालं कुणास ठाऊक. मी त्यांचा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदा. ‘तिला तेलाचं घाला,’ मी म्हटलं. ‘सगळ्यांना घाला. मुकी जनावरं आहेत, त्यांचे तळतळाट कशाला घ्यायचे? त्यांचा दुवा माझ्या पोरीला लागेल. मागे घातलं तेव्हा ही बरी झाली होती की नाही? घाला हो. नाहीतर एकटीला तरी घाला. तुमच्या त्या सासूबाईला तरी.’

मी रडत होते. लपवायचं काही कारण नाही, माझी एकुलती एक लेक आहे ती.

ते हात सोडवून न घेता म्हणाले, ‘नाही आई.’

इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून माझ्यासमोर ‘नाही’ निघालं नव्हतं.

‘मागच्या वेळी घातलं,’ ते म्हणाले, ‘मला बरं वाटलं. काय झालं त्याने? हिला तेल द्यायचं की नाही, सांगायला कुणी उरलं नाही. रोज चमचा धरून उभा राहतो मी तिच्यापुढे, आणि मला माहीत नाही की मी तिला औषध देतोय की नुसता वास देतोय. आता पुन्हा घातलं तर कधीच कळणार नाही. हिलाही नाही, आणि त्या वॉर्डात बाकीच्या ज्या पडल्यात त्यांनाही नाही.’ मग म्हणाले, ‘मला काय आवडतं का, आई? मी रोज सकाळी पांढरी बादली उचलतो ना, माझे हात जड होतात. पण उचलतो.’

मी हात सोडला. रागाने नाही. पदराने तोंड पुसायचं होतं. बाकावरची मधली जागा मी त्यांच्याकडे सरकून भरून टाकली आणि आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, आतून नर्स बोलवेपर्यंत.

औषध लागू पडलं. सावकाश पडलं. लेक घरी आली तेव्हा तिला मशीनचं चाक फिरवायचंही बळ नव्हतं. डॉक्टरीणबाईने समोर बसवून सांगितलं की काही भाग गेला तो गेला, तो परत येणार नाही, पण उरलंय ते नीट चालतंय, आता ते सांभाळायचं. गोळ्या आयुष्यभर. मी बाटली खालच्या खणातून काढली, पिशवीतून काढली, डब्यातून काढली आणि दुधाशेजारी ठेवली. दुधाला काही झालं नाही.

मग एक संध्याकाळ. लेक मशीनवर बसली होती, पुन्हा पडदे आले होते, फिक्या निळ्या कापडाचे. मी पानं मांडत होते. दार वाजलं, मी उघडलं. जावई बाहेर उभे. नियमाप्रमाणे चौकटीला हात न लावता, पिशवी छातीशी धरून, मी बाजूला होण्याची वाट बघत, म्हणजे थेट बाथरूममध्ये जाता येईल.

‘सासूबाई गेल्या,’ ते म्हणाले.

मशीन थांबलं.

‘पांढरीतली शेवटची तीच होती,’ ते म्हणाले, फरशीकडे बघत. ‘बाकीच्या आधीच गेल्या. तपकिरीवाल्या आहेत अजून, बहुतेक सगळ्या आहेत. मॅडम म्हणाल्या, आता फरक दिसला. स्वच्छ दिसला.’

‘म्हणजे तेलाने होतं?’ लेकीने आतून विचारलं.

‘उंदरांना होतं,’ ते म्हणाले. ‘माणसांचं अजून बघायचंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालू ठेवा. गोळ्यांबरोबर.’ पुढचं ते मला सांगत होते की स्वतःला, कुणास ठाऊक. ‘काल सुद्धा चावली होती. आज हातावर घेतली तर चावली नाही. नुसती बसून राहिली. मी मोजा काढला, म्हटलं आता चाव. तरी नाही.’

त्यांनी उजवा हात जरा पुढे केला, जसा काही दाखवायला, आणि नियम आठवून मागे घेतला. बोटावर जुने दातांचे बारीक डाग होते. मला या माणसाची माया आली. इतकी वर्षं एका छताखाली काढली, आली नव्हती. त्या दिवशी पोटातून आली.

मी दारातून बाजूला झाले. ते बाथरूमकडे वळले.

‘तिकडे कुठे?’ मी म्हटलं. ‘पानं वाढलीत.’

‘आंघोळ, आई.’

‘तिथून करून आलात ना? हात धुवा, पुरे. या, आधी पोटात काहीतरी जाऊ दे.’

ते जागचे हलेनात. पिशवी तशीच छातीशी. माझ्याकडे बघत राहिले, आपण बरोबर ऐकलं की नाही अशा चेहऱ्याने.

‘अहो, परक्यासारखे उभे काय राहिलात?’ मी म्हटलं. ‘घर तुमचंच आहे.’

आणि मी त्यांच्या हातातली पिशवी घेऊन खुंटीला लावली.